रूट्सटेक बघून आलो : वंशावळीचा धंदा कोल्हापुरात चालेल का?

उत्तरेश्वर_पेठ

२०२५ च्या मार्चात, ६ ते ८ तारखेला, अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला रूट्सटेक झालं. मामेबहीण तिकडंच असते, त्यामुळं राहण्याजेवणाचा प्रश्न नव्हता. गेलो. तेव्हापासून "काय असतं तिथं, आणि आपल्याकडं यातलं काय चालेल" असं बरेच जण विचारतात, म्हणून हा धागा.

ज्यांना काहीच कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वंशावळ, जुनी कागदपत्रं आणि त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर या विषयावरची ही परिषद २०११ पासून दरवर्षी भरते. भरवणारी संस्था फॅमिलीसर्च, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चची. त्यांचा हा उद्योग जुना आहे. १८९४ साली त्यांनी वंशावळ संस्था काढली आणि १९३८ पासून जगभर फिरून जन्म, मृत्यू, लग्न, जमीन यांच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म काढत राहिले. अशी २४ लाखांच्या आसपास रिळं जमली. ती शहराबाहेर ग्रॅनाइटच्या डोंगरात खोदलेल्या भुयारात ठेवलेली आहेत. २०२१ मध्ये सगळ्यांचं डिजिटायझेशन पूर्ण झालं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यांनी टिपून नेल्यात, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

सुरुवातीची बरीच वर्षं मुख्य परिषदेच्या आदल्या दिवशी फक्त प्रोग्रामर आणि नवउद्योजकांसाठी वेगळा दिवस असायचा. नव्या उत्पादनांची बक्षिसाची स्पर्धाही व्हायची. २०१५ ला ती स्टोरीवर्थनं जिंकली. कल्पना अगदी साधी : आईवडिलांना आठवड्याला एक प्रश्न ईमेलनं जातो, ते उत्तर लिहितात, वर्षअखेर त्याचं बांधीव पुस्तक घरी येतं. यात शोधबिध काही नाही, पण लोक पैसे देतात.

प्रदर्शनाचा हॉल मोठा. रेकॉर्डच्या वर्गणी विकणारे, डीएनए किट विकणारे, जुने फोटो रंगवणारे, अल्बम स्कॅन करून देणारे. गिऱ्हाईक बहुतांश साठीपुढचं, निवृत्त आणि हौशी. ही मंडळी पणजोबाचं जहाज कोणत्या बंदराला लागलं ते शोधण्यात दुपारच्या दुपार घालवतात. जवळच फॅमिलीसर्चचं ग्रंथालय आहे. तिथं कुणीही फुकट जाऊन बसावं, आणि स्वयंसेवक शेजारी बसून शिकवतात.

तंत्रज्ञानात मला एकच गोष्ट खरोखर मोठी वाटली. आजवर त्यांच्याकडं नाव सापडायचं ते कुणीतरी स्वयंसेवकानं वाचून सूचीत टाकलं असेल तरच. २०२४ पासून त्यांनी मशीनकडून हस्ताक्षर वाचून अख्ख्या पानाचा शोध सुरू केलाय. आधी अमेरिकेतली जमिनीची खरेदीखतं, मृत्युपत्रं आणि मेक्सिकोचे नोटरीचे दस्त घेतले. त्यामुळं खतात घेणारा-देणारा सापडतोच, पण साक्षीदार, शेजारचा चतुःसीमेतला माणूस, सगळेच सापडायला लागले. आपल्या वतनाच्या कागदावर खाली किती साक्षी असतात ते आठवा.

आता माझं मत. त्यांचा सगळा बाजार एका गृहीतकावर उभा आहे : माणसाला फावल्या वेळात पूर्वज शोधायचे असतात. आपल्याकडं "वंशावळ काढायची आहे" असं कुणी म्हणालं की समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "कशासाठी? जात पडताळणी की वारसनोंद?" आपल्याकडं वंशावळ हा पुरावा आहे. २०२३ ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली गेली तेव्हा रातोरात मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली, ती काही कुणाला इतिहासाचं वेड लागलं म्हणून नाही. म्हणून कोल्हापुरात कुणी 'फॅमिली ट्री'चं ॲप काढत असेल तर माझ्या मते पैसे पाण्यात. काढायचंच तर मोडी कागद वाचून देण्याची सेवा काढावी : आधी मशीन वाचेल, मग जाणकार माणूस तपासेल, पानामागं दर. बोला.

तांबडा_पांढरा

भावा, अमेरिकेला जाऊन आलास आणि आणलंस काय, तर मोडी! हितं आमच्या गल्लीत वंशावळ काढायला सॉफ्टवेअर लागत न्हाई. बांधावरनं भांडान सुरू झालं की दोन्ही पार्ट्या सात पिढ्या तोंडपाठ काढत्यात. फुकट.

रुमालवाला

तांबडा_पांढरा, हसू आलं, पण त्या सात पिढ्या दोन्ही पार्ट्यांच्या वेगवेगळ्या असतात, खरी अडचण तीच.

उत्तरेश्वर, मी मोडी वाचतो, त्यामुळं तुझा प्रस्ताव मला उद्देशूनच आहे असं धरतो. मशीननं मोडी वाचण्याचे प्रयत्न सुरू आहेत. रुरकीच्या आयआयटीनं २०२५ मध्ये दोन हजारांवर मोडी पानांचा देवनागरी लिप्यंतरासह संच आणि त्यावर शिकवलेलं मॉडेल पुढं आणलं. चांगली सुरुवात आहे. पण दोन हजार पानं म्हणजे एखाद्या दफ्तरातले थोडे रुमाल, कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे.

अडचणी नीट समजून घे. मोडीत आधी शिरोरेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जायची. दोन शब्दांत जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही. वळणं घराण्यागणिक : चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी. एका वळणावर शिकवलेलं मशीन दुसऱ्यावर अडखळणार. त्यात संक्षेप. 'मौजे'चा अर्धा तुकडा लिहून पुढं दोन दंड मारतात, झालं.

मात्र वंशावळीच्या बाबतीत एक सोय आहे, आणि ती फारशी कुणी वापरत नाही. जुन्या कागदात नाती ठरावीक शब्दांनीच येतात. 'रामजी बिन संताजी' म्हणजे संताजीचा मुलगा रामजी. काही ठिकाणी 'बिन'ऐवजी 'वलद'. 'भागीरथी कोम रामजी' म्हणजे रामजीची बायको. मशीनला अख्खं पान वाचता नाही आलं तरी हे तीन शब्द ओळखून त्यांच्या आजूबाजूची नावं उचलता आली, तर निम्मं काम होतं. बाकीचं मी वाचतो. अख्खं पान वाचण्याच्या मागं लागू नका.

तारखांचं काय करणार? एका कागदावर शक, दुसऱ्यावर सुहूर, तिसऱ्यावर फसली. आपल्याकडच्या दरबारी कागदावर राज्याभिषेक शकही भेटतो, १६७४ पासून मोजलेला. शकात ७८ किंवा ७९ मिळवायचे, फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूरात ५९९ किंवा ६००. यातला कोणता आकडा घ्यायचा ते महिन्यावर ठरतं. एका वर्षाचा फरक पडला की पडताळणीत प्रकरण अडकलंच म्हणून समजा.

गावठी_कोडर

यावर माझ्याकडं सांगण्यासारखं आहे. वंशावळीच्या सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाणीसाठी जेडकॉम नावाचा फॉरमॅट चालतो. १९८४ ला फॅमिलीसर्चवाल्यांनीच काढला. २०२१ ला सातवी आवृत्ती आली आणि युनिकोड सक्तीचं झालं, म्हणजे मराठी नावांची चिंता मिटली. (मोडीलाही २०१४ पासून युनिकोडमध्ये जागा आहे.)

पण रुमालवालांनी तारखांचं सांगितलं ते बघा. जेडकॉममध्ये कॅलेंडरं चार : ग्रेगोरियन, ज्युलियन, ज्यू लोकांचं आणि फ्रेंच राज्यक्रांतीचं. फ्रेंचांचं ते कॅलेंडर सुरुवातीला जेमतेम बारा-तेरा वर्षं चाललं, त्याला जागा आहे. शकाला नाही. मॉर्मन धर्मविधींना स्वतंत्र टॅग आहेत, आपल्या तिथीला नाही. स्वतःचा विस्तार जोडायची मुभा आहे, पण तो दुसऱ्याचं सॉफ्टवेअर समजून घेईलच असं नाही.

दत्तकाची सोय मात्र आहे आणि ती चांगली आहे. शाहू महाराजांचंच घ्या. जन्म २६ जून १८७४, कागलकर घाटग्यांच्या घरात, नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला आनंदीबाई राणीसाहेबांनी दत्तक घेतलं आणि ते भोसले झाले. एकाच माणसाला दोन कुटुंबं जोडायची, एक जन्माचं आणि एक दत्तकाचं, आणि दोन्हीवर शिक्का मारायचा. फाइलमध्ये हे व्यवस्थित बसतं. पण बाजारातली बरीच ॲप चित्र काढताना एकच बाप दाखवतात. करवीरच्या गादीचा वंशवृक्ष अशा ॲपमध्ये भरून बघा, पार गोंधळ होतो. १७६० मध्ये संभाजी महाराज वारले तेव्हाही जिजाबाईंनी दत्तकच घेतला होता.

आणि हे फक्त राजघराण्यात नाही. वतन बुडू नये म्हणून साध्या पाटील-कुलकर्ण्यांच्या घरातही सर्रास दत्तक व्हायचं. त्यामुळं दत्तक हा आपल्याकडं अपवाद धरून चालणार नाही, सॉफ्टवेअर त्या हिशोबानंच बांधावं लागेल.

निवृत्त_तलाठी

तरुण मंडळींचा उत्साह चांगला आहे. दोन गोष्टी अनुभवावरून सांगतो.

पहिली. मोडीच्या आधी साधं मराठी दफ्तर बघा. लोक सरळ पुरालेखागाराकडं पळतात आणि घराजवळचा कागद सोडून देतात. पडताळणीला इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या शाळेचं जनरल रजिस्टर, गाव नमुना १४ मधली जन्ममृत्यूची नोंद, फेरफार, हक्कनोंद. यातलं बरंच बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत असतं. वारसाचा फेरफार तर छोटी वंशावळच असते : अमुक मयत, वारस मुलगे इतके, मुली इतक्या, विधवा अमुक. काही जिल्ह्यांचे असे जुने अभिलेख महसूल खात्यानं स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवलेत, किरकोळ शुल्क भरून उतरवता येतात. गाव, गट, वर्ष माहीत असेल तर घरबसल्या मिळतं. १ मार्च १९४९ ला आपलं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, त्याच्या आधीचं हवं असेल तेव्हा पुरालेखागाराची पायरी चढा.

दुसरी. वाचून दिलेल्या कागदाला किंमत कधी? मूळ कागदाची साक्षांकित नक्कल सोबत असेल तेव्हाच. तुमच्या मशीननं काय वाचलं याला पडताळणी समितीपुढं शून्य महत्त्व. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र माणूस स्वतः करतो आणि खोटं निघालं तर तोच अडकतो. मागणी वाढली की पाहिजे तसं वाचून देणारेही तयार होतात. तुमची सेवा काढाल तेव्हा पहिल्या दिवसापासून नियम ठेवा : नोंद सापडली नाही तरी शोधाचे पैसे द्यायचे. "सापडली तरच पैसे" म्हणालात की वाचणाऱ्याला सापडायलाच लागते.

उत्तरेश्वर_पेठ

काका, शेवटचं वाक्य मी लिहून ठेवलं. दराचा विचार मी नेमका उलटा करत होतो, सापडलं तर पैसे. गिऱ्हाईक पटकन तयार होतं म्हणून. पण तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, दर शोधाच्या तासावर किंवा पानावरच हवा.

आजरेकरीण

इतका वेळ सगळ्यांचं वाचतेय. बिन झालं, वलद झालं, पाटील झाले, गादी झाली. बायका कुठं आहेत?

माझ्या सासरची वंशावळ छापलेली आहे, देवघराशेजारी फ्रेममध्ये. बारा पिढ्या. त्यात एकही बाई नाही. पुरुषांना जणू पुरुषच होत गेले. पडताळणीच्या प्रतिज्ञापत्रातही बापाकडूनच वर चढायचं असतं, त्यामुळं आईकडचं कुणी शोधतच नाही. मुलगी लग्न होऊन गेली की तिचं नाव, बापाचं नाव, आडनाव सगळं बदलतं. आमच्याकडं तर लग्नात पहिलं नावही बदलायचे. माझ्या आजेसासूबाईंचं माहेरचं पहिलं नाव काय होतं ते घरात कुणालाच सांगता येत नाही. या करवीरच्या गादीची सुरुवात ताराबाईंनी केली, तिथं ही गत!

उत्तरेश्वर, स्टोरीवर्थची तू सांगितलेली गोष्ट मला सगळ्यात जास्त पटली आणि तू ती एका ओळीत उडवून लावलीस. ईमेल आमच्या सासूबाई बघत नाहीत, पण व्हॉट्सॲपवर आवाज ऐकतात आणि पाठवतातही. आठवड्याला एक प्रश्न मराठीत, आवाजात. "तुमच्या आईचं माहेर कुठलं?" "लग्नाआधी तुम्हाला काय नावानं हाक मारायचे?" "माहेरचं कुलदैवत कोणतं, सासरचं कोणतं?" "लग्नात रुखवतावर काय होतं?" उत्तरं जमवायची आणि वर्षानं पुस्तक. याला मी पैसे देईन, आणि माझ्या दोन्ही नणंदा देतील. तुझ्या त्या "हौशी गिऱ्हाईक आपल्याकडं नाही" या म्हणण्याला एवढा पुरावा पुरे.

तांबडा_पांढरा

ताई, सासूला आठवड्याला एकच प्रश्न इचारायचा? आमच्याकडं त्या आमाला इचारत्यात, रोज.

कुरुंदवाड_घाट

कमाल आहे, अजून कुणी हेळव्यांचं नावही काढलं नाही. आमच्या शिरोळ भागात आणि खाली कर्नाटकात हेळवी येतात. पिढ्यान् पिढ्या ठरलेली घरं असतात त्यांची. सुगीनंतर बैल घेऊन यायचे, दारात थांबून घराण्याची सगळी वंशावळ म्हणायची : मूळ गाव कोणतं, तिथनं कोण कधी उठला, कुठल्या भावाची फांदी कुठं गेली. नवीन जन्मलेल्यांची नावं विचारून घ्यायची. घरानं धान्य द्यायचं, कपडा द्यायचा. पूर्वी तोंडपाठ, काहींकडं ताम्रपट, आता वह्या. भाषा कन्नड-मराठी मिसळलेली.

म्हणजे वर्गणी घेऊन वंशावळ जपायचा धंदा आपल्याकडं आधीपासून आहे, आणि हप्ता धान्यात. आता पोरं शिकून दुसऱ्या कामाला लागलीत, वह्या माळ्यावर पडल्यात. मोडीच्या रुमालाला निदान सरकारी छप्पर आहे. हे आधी करा.

पण एक सांगतो. वहीचे फोटो काढून ॲपवर टाकलेत आणि हेळव्याला चहा पाजून परत पाठवलंत, असं करायचं नाही. वही त्यांची आहे. तिच्यावर त्यांची घरं जगली. पैसा आला तर त्यात वाटा ठरवूनच हात लावायचा.

साकोली_कॉर्नर

सगळं ठीक, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही म्हणून मी विचारतो. मॉर्मन चर्च हा एवढा खर्च कशासाठी करतं? त्यांच्यात मृतांच्या वतीनं बाप्तिस्मा घेण्याचा विधी आहे. पूर्वजांची नावं हवीत ती त्यासाठी. होलोकॉस्टमध्ये मारल्या गेलेल्या ज्यूंचीही नावं घातली गेली होती, त्यावरून मोठा वाद झाला आणि १९९५ ला चर्चला ते थांबवण्याचा करार करावा लागला. आपण हौसेनं आजोबा-पणजोबांची नावं तिथं भरायची का?

आणि डीएनए. २३अँडमी या कंपनीचा ६९ लाख लोकांचा डेटा २०२३ मध्ये चोरीला गेला. रूट्सटेक संपून पंधरा दिवस झाले तोच, २३ मार्च २०२५ ला, कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. लाळेच्या नळीत माझं एकट्याचं काही नसतं, माझ्या भावाचं, पोरांचं, चुलत्यांचंही असतं. त्यांना कुणी विचारलं होतं?

उत्तरेश्वर_पेठ

चर्चचा हेतू ते लपवत नाहीत, विचारलं तर सरळ सांगतात. त्यांच्या नियमानुसार विधीसाठी आपल्याच पूर्वजांची नावं द्यायची असतात. तरी तुझी शंका रास्त आहे. त्यांच्या साइटवरचा वंशवृक्ष सगळ्या जगाचा मिळून एकच आहे, तिथं भरलेलं नाव कुणीही बघू शकतं, बदलूही शकतं. हयात माणसांची माहिती तेवढी झाकलेली राहते. मी स्वतः तिथं शोधतो, भरत नाही. माझी फाइल माझ्या संगणकावर.

डीएनएबद्दल वाद नाही. शिवाय आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या जातीतच आणि ठरावीक गावांतच सोयरीक. सगळेच थोडेथोडे सगळ्यांशी जुळतात, त्यामुळं तिथल्या हिशोबानं 'चौथा चुलतभाऊ' निघालेला माणूस प्रत्यक्षात कितीतरी लांबचा असू शकतो. त्या स्टॉलवर मी किट घेतलं नाही.

निवृत्त_तलाठी

धर्माचं म्हणाल तर आपणही श्राद्धाला बाप, आजा, पणजा अशी तीन नावं घेतोच. त्याच्या वरचं नाव विचारलं की भटजीपासून यजमानापर्यंत सगळे गप्प. त्यांच्याकडं निदान लिहून ठेवतात.

साकोली_कॉर्नर

काका, आपण आपल्या बापाचं नाव घेतो. दुसऱ्याच्या बापाचं नाही.

रुमालवाला

मुद्द्यावर येऊ. आजरेकरीणताईंचं आणि कुरुंदवाडचं वाचल्यावर माझं मत असं झालंय की मोडीचं मशीन ही शेवटची पायरी. कागद आणखी दहा वर्षांनीही वाचता येईल. म्हाताऱ्या माणसांना आणि हेळव्यांना विचारायचं असेल तर ते आत्ताच.

उत्तरेश्वर_पेठ

पटतंय, पण पूर्ण नाही. आवाजाच्या पुस्तकावर सुरुवातीला कुणाचं पोट भरणार नाही. पडताळणीवाला माणूस आज पैसे देतो, त्याच्या पैशावर बाकीचं चालवता येईल. म्हणून मी असं ठरवतोय : दाखल्यासाठी येणाऱ्याचं काम पानाच्या दरानंच घ्यायचं, काकांच्या अटीवर. पण कागद वाचताना 'कोम' आलं की ती बाईही फाइलमध्ये नोंदवायची, गिऱ्हाइकानं मागितली नसली तरी. आणि काम झाल्यावर त्याला विचारायचं, घरात ऐंशीच्या पुढचं कोण आहे? असेल तर पहिले चार प्रश्न फुकट. हेळव्यांशी बोलताना कुरुंदवाडला सोबत घेणार, वाटा किती ते त्यांच्यासमोरच ठरेल.

ज्यांना परिषद इथूनच बघायची असेल त्यांच्यासाठी : २०२१ ला कोरोनामुळं ती पूर्ण ऑनलाइन आणि फुकट झाली, दहा लाखांवर लोक होते. तेव्हापासून बरीच सत्रं नेटवर फुकट दिसतात. मार्चच्या सुरुवातीला त्यांचं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागं असतं, तिथले सकाळचे आठ म्हणजे इथले रात्रीचे साडेआठ. जेवून बसायचं. डीएनएची सत्रं सोडली तरी चालतील, हस्ताक्षर वाचनाची सोडू नका.

आजरेकरीण

चार नाही, पाच. माहेरच्या पहिल्या नावाचा प्रश्न त्यात हवाच.

गावठी_कोडर

पाच केले. फॉर्ममध्ये 'माहेरचं पहिलं नाव' आणि 'माहेरचं गाव' असे दोन रकाने टाकलेत, दत्तकासाठी दुसरं घर जोडायची सोयही आहे. शक, सुहूर, फसली बदलायचं कोष्टक निम्मं झालंय, पण महिन्याच्या सीमेवर चुकतंय. रुमालवाला, तुमच्याकडची जुनी जंत्री रविवारी घेऊन याल का?